शनिवार तेल्यांचे परगावचे जेवण

मी इतिहासाचा पंडित नव्हे. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला आणि संघटनेच्या कामातून सवड काढून वाचत गेलेला माणूस आहे. पण भिवंडीत परमुलखातून आलेला कामगार आधी काय विचारतो, हे मला पक्के ठाऊक आहे. मजुरीची गोष्ट नंतर, आधी तो विचारतो, "भिशी कुठे आहे?" भिशी म्हणजे आमच्याकडची कामगारांची खाणावळ. तिथे कोण रांधतो आणि काय रांधतो, हे कळले की मग त्याचे पाऊल गावात टेकते.

हाच प्रश्न आपल्या कोकणातल्या यहुदी समाजापुढे, बेने इस्रायलांपुढे, घर सोडताना उभा राहिला. अलिबाग, पेण, रोहे या भागांत हे लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. आठवड्याची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 साली मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा आणि अर्ज यांची शिकस्त केल्यावर. या तेल्यांनी ती त्याच्या कितीतरी आधी कायद्यावाचून पाळली होती, ही गोष्ट माझ्यासारख्याला मोलाची वाटते.

त्यांच्या खाण्याचेही नियम होते. धर्माप्रमाणे योग्य असे जे अन्न, ते कोशेर. पर आणि खवले असलेला मासा चालतो. कोळंबी, खेकडा चालत नाही. जनावर विधिपूर्वक कापावे, रक्त काढून टाकावे, मांस आणि दूध एकत्र करू नये. कोकणात नारळ मुबलक, म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध आले आणि नियमही राहिला. दावीद राहाबी नावाच्या यहुदी प्रवाशाची एक कथा या समाजात सांगतात. त्याने इथल्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर-खवले नसलेले बाजूला काढले, आणि हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली. कथा खरी असो वा नसो, ओळख चुलीपाशी पटली हे तिचे सांगणे आहे.

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईस आणि कंपनीच्या पलटणींत गेली. त्यांतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, टिपूच्या कैदेतून सुटून आले, असे परंपरा सांगते. त्यांनी 1796 साली मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. आपण कापडाच्या कामासाठी ज्या मशीद स्टेशनवर उतरतो, त्याचे नावही त्यावरूनच पडले असे सांगतात. पुढे 1879 साली ठाण्यासही सिनेगॉग झाले. अशा ठिकाणी केवळ प्रार्थना होत नसे. विधीने जनावर कापणारा माणूस तिथे भेटे, आणि परगावच्या माणसाला सणावारी पंगत मिळे. आज युरोपच्या राजधान्यांत हिंडणारा यहुदी प्रवासी कोशेर खाणावळीची पाटी शोधतो; या लोकांची पाटी म्हणजे आपले माणूस.

माझा एक बेने इस्रायल सहकारी होता. परिषदेला आम्ही परगावी जात असू, तेव्हा आमच्या ताटात मटण असे आणि तो केळी व उकडलेली अंडी खाई. मी एकदा म्हणालो, "इथे कोण बघतंय?" तो हसून म्हणाला, "कुणीच नाही, म्हणून तर अवघड आहे." मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली.

1948 नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. मागे थोडे उरले. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढे जमवताना पुष्कळ ठिकाणी कष्ट पडतात, आणि विधीने कापणाराही दूरून आणावा लागतो. महाराष्ट्र सरकारने 2016 साली यहुदींना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, हे योग्यच झाले. परंतु सरकारी कागदाने दहावा माणूस येत नाही.

नियम एकट्याचा असतो, पण तो टिकतो चार जणांच्या आधाराने. म्हणून भिशीच्या दारात उभ्या राहिलेल्या नव्या कामगाराला "मिळेल ते खा" असे कुणी म्हणाला, तर मला शनिवार तेली आठवतात. त्याला आधी त्याची पंगत दाखवावी. संघटनेचे काम तिथून सुरू होते.