पत्त्याचे कूळ

माझ्या आप्तेष्टांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक मी ‘एबुक’ नावाच्या एका लहानशा प्रोग्रॅममध्ये ठेवीत आलो आहे. त्यात चित्रे नाहीत, माऊसची धावपळ नाही, काळ्या पडद्यावर कमांडची, म्हणजे पेशवाई भाषेत हुकमाची, एक ओळ टंकावी आणि यादी समोर यावी, एवढाच त्याचा कारभार. त्याचे दफ्तर उघडले तर साध्या मजकुराची एक फर्द हाती लागते: चौकटी कंसात अनुक्रमांक, त्याखाली नाव, त्याखाली ई-मेल. पडद्याची प्रघाती रुंदी मात्र ८० अक्षरांची, आणि या ८० च्या आकड्याने मला थेट सोलापूरच्या पूर्व भागात नेऊन सोडले.

तेथे चादरीच्या मागावर जेकार्ड बसविलेले असते. वर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची दोऱ्याने ओवलेली माळ खडखडत फिरते. भोक असेल तेथे सुई आत शिरून ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे सुई मागे ढकलली जाऊन धागा खालीच राहतो, आणि अशा होय-नाहीच्या हुकमांतून चादरीवर मोर उमटतो. हे यंत्र ल्योंच्या जोझेफ जाकारचे, १८०४ चे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने माणसे मोजण्यास भोकांचीच कार्डे वापरली. १९२८ मध्ये आयबीएमने कार्डावर ८० स्तंभ बसविले. पुढे पडद्यांनी तीच रुंदी घेतली.

या वंशावळीवर दोन तक्रारी दाखल आहेत. पहिली अशी की, पडद्यावरच्या ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे १९२० अक्षरे, २०४८ अक्षरांच्या स्मृतीत मावतात, म्हणून ८०. मावतात खरी, पण ६४ गुणिले ३२ तर त्या स्मृतीत नेमकी बसतात, मग तो जोड का निवडला गेला नाही? कार्डाची सवय हेच त्याचे उत्तर, असे माझे मत आहे.

दुसरी तक्रार अधिक वजनदार, कारण ती खुद्द हॉलरिथची. त्याने लिहून ठेवले आहे की, ही कल्पना आपल्याला आगगाडीच्या कंडक्टरवरून सुचली. तो तिकिटाच्या कडेला भोके पाडून प्रवाशाचे केस, डोळे, नाक यांचे वर्णनच नोंदवी, जेणेकरून एकाचे तिकीट दुसऱ्याने वापरू नये. साक्ष मूळ पुरुषाची असल्याने ती फेटाळता येत नाही. तथापि त्याचा मेहुणा रेशीम विणकामाच्या धंद्यात होता, आणि घरातल्या माणसाचे ऋण आपण कंडक्टरच्या ऋणाइतक्या सहज कबूल करीत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि येथेच ‘पत्ता’ हा शब्द माझ्या मदतीला धावतो. बनारसचे विणकर जेकार्डच्या कार्डाला पत्ताच म्हणतात; तो, आणि आपल्या खेळातला पत्ताही, उघडच संस्कृत ‘पत्र’, प्राकृत ‘पत्त’ याचा वंशज. ठावठिकाण्याचा पत्ता मात्र ‘प्रत्यय’ या शब्दापासून, खूण पटण्यापासून, काढण्याकडे माझा कल आहे, कारण ‘पत्ता लागेना’ म्हणताना घराचा क्रमांक कोणाच्याच मनात नसतो, मागमूस असतो. म्हणजे कुळे दोन. परंतु त्या तिकिटाकडे पाहा: कागदाचा पत्ता आणि माणसाची खूण त्याच्यात एकवटली आहेत, आणि माझ्या एबुकातही दुसरे काय आहे?

पूर्व भागातील ज्या वाचकांच्या माळ्यावर बंद पडलेल्या मागाच्या पुठ्ठ्यांची माळ धूळ खात असेल, त्यांनी ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा मला पाहू द्यावी.