टहोका आणि धक्का

इंग्रजीतल्या 'नज'ला उर्दूत नेमका शब्द आहे, टहोका. शेजारी बसलेल्याला कोपराने हलकेच ढोसणे. २००८ मध्ये थेलर आणि सनस्टीन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी याच नावाचे पुस्तक लिहिले आणि सरकारांना नवा मंत्र मिळाला: सक्ती नको, योग्य वाट सोपी करा. त्यांची एक अट मात्र बहुतेक अधिकारी विसरतात. ज्याला नको असेल त्याला तो टहोका सहज आणि स्वस्तात टाळता आला पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगसाठी साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजीर घराघरांत शिरले आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. एवढे आपण वर्गात शिकवतो. मुंबईतला मदनपुरा धड्यात नसतो. ९ मार्च १८९८ रोजी तिथल्या मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली, गोळीबार झाला. 'अडाणी मुसलमान' हा शेरा तेव्हाही तयारच होता. पण पुण्यातले सुशिक्षित ब्राह्मणही त्याच तपासणीवर चिडले होते, हे शेरा मारणारे सोयीने विसरतात.

त्याच मुंबईत दुसरी वाटही होती. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे तिसरे आगाखान, तेव्हा विशीतले, लोकांसमोर बाही वर करून बसले. त्यांच्या खोजा जमातीतले हजारो लोक मागोमाग आले. प्रयोगशाळेसाठी आगाखानांनी आपले खुश्रू लॉजही दिले. हाही टहोकाच, पण उघड्यावर दिलेला. ज्याने दिला त्याने धोका आधी स्वतः पत्करला.

आता नोव्हेंबर २०२१. आमच्या पहूरवरून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता ज्या जिल्ह्यात शिरतो, त्या औरंगाबादेत लसीकरण मागे पडले होते. जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला: किमान एक मात्रा घेतली असेल तरच रेशन, गॅस, पेट्रोल. लस घ्यावीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मोटारवाल्याला हा आदेश टहोका होता, फार तर तो शेजारच्या जिल्ह्यात टाकी भरून घेईल. रेशनकार्डावर जगणाऱ्याला तो सरळ धक्का. धान्य हा २०१३ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, बक्षीस नव्हे.

त्याच महिन्यात मुस्लिमबहुल भागांसाठी सलमान खानची मदत घेऊ, असे राज्याचे आरोग्यमंत्री म्हणाले. हेतू चांगला असेल. मला मात्र ते टोचले. खोजांसाठी आगाखान त्यांचे इमाम होते, आणि जमातीच्या प्रश्नांना उत्तर देणे त्यांना भाग होते. सलमान आमचा कोण लागतो? समजावून सांगितले तर आम्हाला कळणार नाही, पडद्यावरचा हिरोच लागेल, हे कुणी ठरवले?

खानदेशात नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणी. मजुरी किलोवर. लस घेतल्यावर दोन दिवस ताप आला तर त्या दिवसांचे पैसे कोण देणार, हे बाया आशाताईंना विचारत होत्या. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडच्या एकाही फलकावर मला दिसले नाही.