लॉगच्या साखळीतली हरवलेली कडी

पोस्टग्रेसमध्ये लॉग साठवून ठेवायची सोय आली २००५ साली, ८.० आवृत्तीत. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहायचा, १६ एमबीची फाइल भरली की ती संग्रहात पाठवायची. जुन्या बॅकअपवर या फायली क्रमाने चालवल्या की हवा तो क्षण परत मिळतो. मधली एक जरी नसली, तर गाडी तिथेच अडते.

२०१० मध्ये ९.० आलं आणि लॉग थेट राखीव सर्व्हरकडे वाहू लागला. आता बघा, पेच कुठे पडला! फाइल संग्रहात टाकण्याआधीच मुख्य सर्व्हर कोसळला, तर राखीव सर्व्हर त्याची जागा घ्यायचा. पण संग्रहात पाठवायचा तो फक्त स्वतः लिहिलेला लॉग. आधीची फाइल त्याच्याकडे असूनही संग्रहात पोचायची नाही. काम सुरळीत, संग्रहात मात्र खंड. कळणार कधी? बॅकअप लागेल त्या दिवशी!

जानेवारी २०१६ मधल्या ९.५ ने ‘आर्काइव्ह मोड’ला ‘ऑलवेज’ हा पर्याय दिला. म्हणजे राखीव सर्व्हरनेही आलेली प्रत्येक फाइल संग्रहात पाठवायची. तीच फाइल तिथे आधीच असेल, तर मजकूर तंतोतंत जुळतो का, हे मात्र आपल्या कमांडने तपासायचं. वारस गादीवर बसला म्हणून दप्तर पूर्ण होत नाही. ते आधीपासून दोघांनी राखावं लागतं.