वेडाचें कारण आणि खर्चाचें सदर : अड्याळच्या निमित्तानें

भंडाऱ्याहून पवनीस जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ हें गांव लागतें. पवनीच्या स्तूपांमुळें संशोधकांचें या वाटेनें जाणेंयेणें होतें. तथापि ज्या कागदांकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, ते ताम्रपट अथवा सनदा नव्हेत. ते पोलिस ठाण्यांचे रोजनामे, दारूच्या दुकानांचे हिशेब आणि स्थानिक संस्थांचीं अंदाजपत्रकें होत. अड्याळसारख्या गांवचा एखादा मनुष्य भ्रमिष्ट झाला अथवा मद्याच्या अधीन गेला, तर त्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न या कागदांवरून सोडवावयाचा आहे. आमचें मत असें कीं, नशेच्या उत्पन्नास सरकारी वहींत नेहमीं स्वतंत्र सदर मिळालें. तिच्या पायीं खचलेल्या मनुष्यासाठीं मात्र गांवाजवळच्या संस्थेच्या हातीं स्वतंत्र सदर आलें नाहीं.

प्रथम शब्दाचा विचार करूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायांत, बाल, वृद्ध, व्याधित, व्यसनी व अनाथ यांचें भरण राजानें करावें असें सांगितलें आहे. येथें ‘व्यसनी’ म्हणजे आजच्या अर्थाचा नशेबाज नव्हे. ‘व्यसन’ म्हणजे संकट, आणि व्यसनी तो संकटांत सांपडलेला. त्याच ग्रंथाच्या आठव्या अधिकरणांत मृगया, द्यूत, स्त्री व पान हीं कामज व्यसनें गणलीं आहेत. तेथून आजच्या अर्थाकडे शब्द झुकला. पुन्हा त्याच दुसऱ्या अधिकरणांत पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा आहे. म्हणजे दारूचें उत्पन्न आणि पीडितांचें भरण हीं दोन्हीं एकाच राजाच्या कर्तव्यांत, एकाच अधिकरणांत आलीं आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतही उन्माद व मदात्यय या दोहोंस वेगवेगळे अध्याय आहेत. त्यांत चिकित्सा सांगितली आहे, दंड नव्हे.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. मराठी हिशेबांत दारूवरील करास कलाली हें नांव आढळतें. सन १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें व भंडाऱ्याचा मुलूख इंग्रजी अमलाखालीं आला. पुढें १८५८ चा ३६ वा कायदा झाला आणि मोकाट फिरणाऱ्या वेड्यास पकडून मॅजिस्ट्रेटापुढें नेण्याचें काम पोलिसांकडे आलें. १८६४ मध्यें नागपुरास वेड्यांचें इस्पितळ स्थापन झालें. १८८३ च्या कायद्यानें मध्यप्रांतांत डिस्ट्रिक्ट कौन्सिलें व लोकल बोर्डें निर्माण झालीं. रस्ते, शाळा, दवाखाने हीं त्यांचीं कामें ठरलीं. वेड्यांचें इस्पितळ मात्र प्रांताकडेच राहिलें. परिणामीं खेड्यांतील रोग्याची सरकारी कागदांतील पहिली नोंद वैद्याच्या हातची न होतां ठाण्यावरील अंमलदाराच्या हातची झाली.

या नोंदीची किंमत काय, हें एका प्रसिद्ध चौकशीवरून कळतें. १८९३ मध्यें सरकारनें गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीकरितां एक कमिशन नेमलें. मध्यप्रांतांतील अधिकारी अँड्र्यू फ्रेजर हे त्याचे एक सभासद होते. गांजानें वेड लागतें, असा तेव्हांचा सर्वमान्य समज होता व त्याचा आधार म्हणजे इस्पितळांच्या वह्या. कमिशननें १८९२ सालच्या वह्या मागवून, ज्या २२२ रोग्यांच्या नांवापुढें या पदार्थांचें कारण लिहिलें होतें त्यांची एकेकाची फेरचौकशी केली. टिकलीं अवघीं ९८. त्यांतही ३७ जणांच्या बाबतींत इतर कारणें मिसळलेलीं होतीं. बाकीच्यांचें काय? पोलिसांनीं धाडलेल्या वर्णनपत्रांतील ऐकीव मजकूर इस्पितळाच्या वहींत जसाच्या तसा उतरला होता. ‘कारण’ या रकान्यांत कांहीं तरी लिहिलें पाहिजे, म्हणून लिहिलें गेलें. बखरींतील आंकड्यांवर आपण जितका अविश्वास दाखवितों, तितकाच या छापील रकान्यावर दाखविला पाहिजे, हा येथील धडा होय.

१९१९ च्या सुधारणांनीं आबकारी, इस्पितळें व स्थानिक स्वराज्य हीं तिन्हीं खातीं मध्यप्रांतांत लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोंपविलीं. आतां दारूचा पैसा व रोग्याचा खर्च यांची सांगड घालण्यास अडचण नव्हती. पण उपचारासाठीं जिल्ह्याच्या हातीं वेगळें सदर आलें नाहीं. १९३८ मध्यें दारूबंदीचा कायदा झाला, तोही कांहीं निवडक भागांपुरताच अमलांत आला. आणि बंदी म्हणजे उपचार नव्हे. डिस्ट्रिक्ट कौन्सिलांचें उत्पन्न अल्प होतें, रस्ते व शाळा यांनाच तें पुरेना, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप खरा आहे. परंतु तो कौन्सिलांना दोषमुक्त करतो, प्रांतिक तिजोरीस नाहीं.

पुढें १९४८ मध्यें जनपद सभा आल्या, १९५६ मध्यें भंडारा मुंबई राज्यांत आला, १९६२ मध्यें जिल्हा परिषद स्थापन झाली. १८५८ च्या कायद्याची जागा १९१२ च्या, त्याची १९८७ च्या आणि त्याची २०१७ च्या कायद्यानें घेतली. या शेवटच्या कायद्यांत दारू व अमली पदार्थ यांच्या सेवनाशीं निगडित मनोविकार हाही मानसिक आजारच गणला आहे; मोकाट फिरणाऱ्या रोग्यास पोलिसांनीं पकडावयाचें नसून संरक्षणाखालीं घ्यावयाचें आहे; आणि जिल्ह्यांत किमान सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यांतील अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनें सोसावयाचा आहे. चरकाचे दोन अध्याय येथें एका कलमांत आले, असें म्हणतां येईल. तथापि पंधराव्या वित्त आयोगानें २०२१-२२ ते २०२५-२६ या ५ वर्षांकरितां स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठीं जें ७०,०५१ कोटी रुपयांचें अनुदान सुचविलें, त्याच्या वांटणींत इमारती, तपासणीचीं साधनें व आरोग्यकेंद्रें यांना सदरें आहेत. मनोविकार व व्यसनमुक्ति यांना स्वतंत्र सदर नाहीं. जुन्या वहीची रीत नव्या वहींत उतरली आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. डिस्ट्रिक्ट कौन्सिल, जनपद सभा व जिल्हा परिषद अशीं तीन स्थित्यंतरें झाल्यामुळें हे कागद तीन ठिकाणीं विखुरणें व रद्दींत जाणें सहज आहे. ते हातीं लागल्यास आबकारीची जमा, दवाखान्याचा खर्च व ठाण्यावरील नोंद हीं तिन्हीं एकाच वर्षाचीं शेजारीं ठेवून पाहावींत. रोग्यांचीं नांवें मात्र कदापि छापूं नयेत. त्यांचीं घराणीं आजही त्याच गांवांत नांदत असतील. उद्यां एखाद्या गांवानें उपचारासाठीं अनुदान मागितलें व ‘गरज कशावरून?’ असें त्यास विचारलें गेलें, तर त्याच्या हातीं ठाण्यावरील ऐकीव रकान्याहून अधिक भक्कम पुरावा असावा, एवढाच या लेखाचा हेतु होय.