फुकट घर, पण मेंटेनन्सचं काय?

मुंबईतल्या झोपडीधारकांना फुकट पक्कं घर, ही 1995 ची घोषणा तुम्ही ऐकलीच असेल. घर तेव्हा 225 चौरस फुटांचं होतं. बिल्डरला बदल्यात विकायला जादा बांधकाम.

त्याआधी, 1985 च्या सुमारास, जागतिक बँकेच्या मदतीनं वेगळाच प्रयोग झाला होता. वस्तीच्या सोसायटीला जमीन भाडेपट्ट्यानं द्यायची, घर ज्यानं त्यानं जमेल तसं बांधायचं. मला तर तोच बरा वाटतो. माळा भाड्यानं देता येतो, दारात वडापावची गाडी लावता येते. सातव्या मजल्यावर कसली गाडी लावणार? उलट लिफ्ट, पंप, मेंटेनन्स, सगळं दरमहा. शिवाय तेव्हा 10 वर्षं विकायला बंदी होती. मग काहींनी फुकटातलं घर गुपचूप भाड्यानं दिलं आणि स्वतः परत वस्तीत राहायला गेले.