दहावीचा मार्च आणि रमजान

आपल्या शाळेतल्या सणांचा विषय निघाला की गणपती आणि सरस्वतीपूजन पहिल्यांदा आठवतात. त्यांवर या स्मरणिकेत इतर जण लिहितीलच. मी रोजे, ईद आणि मोहरम यांविषयी लिहितो आहे.

हिजरी वर्ष चंद्राचे, 354 किंवा 355 दिवसांचे. आपले मराठी महिनेही चांद्रच. पण पंचांगात साधारण तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि सण ऋतूंशी जुळून राहतात. म्हणून गणपती पावसाळा सोडत नाहीत. हिजरी गणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो.

आपल्या बॅचला या फेऱ्याचा अनुभव दोनदा आला. 1986 मध्ये आपण पाचवीत होतो, तेव्हा सप्टेंबरात गणपती आणि मोहरम सोबत आले. गावात एकीकडे आरास, दुसरीकडे पंजे आणि ताबूत. पुढे 1992 च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा आणि रमजान एकत्र आले. आपल्यातले काही जण पहाटे सहरी करून, उन्हाच्या दिवसांत पाण्याचा घोटही न घेता पेपर लिहीत होते. ईदचा शीरखुर्मा आपणां सर्वांना आठवतो. त्याआधीचा महिना मात्र फार थोड्यांना.

आपल्या भागाला या विषयाची परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग त्याचीच खूण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. त्या काळी एवढी पंगत जमवणे हेच मोठे धाडस होते. त्यापुढची पायरी अशी, की पंगतीतला एखादा आज का जेवत नाही, हे इतरांना ठाऊक असावे.

आपल्या पीटीच्या सरांना ते ठाऊक होते. रोजा असलेल्या मुलांना ते सावलीत बसवून गुण लिहायला देत. त्याचा गाजावाजा त्यांनी केला नाही आणि मुलांनाही ओशाळे वाटले नाही.

2025 मध्ये दहावीचे शेवटचे पेपर पुन्हा रमजानात आले. फेरा पूर्ण झाला. आता त्या बाकांवर आपल्या मुलांच्या वयाची पोरे आहेत. शाळेला माझी विनंती साधी आहे. सहल, क्रीडास्पर्धा, सराव परीक्षा ठरवताना शिक्षकांच्या खोलीतल्या कालनिर्णयावर छापलेले मुस्लिम महिनेही पाहावेत. ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून पुढचा एक दिवस मोकळा ठेवावा. आणि मोहरमला फलकावर ‘शुभेच्छा’ लिहू नयेत. करबलाच्या शहीदांच्या स्मरणाचे ते दिवस आहेत. याला खर्च काहीच नाही. वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात दोन-चार नोंदी तेवढ्या वाढतील.