तळटीप : बुर्शनशाफ्ट

बुर्शनशाफ्ट : जर्मन विद्यार्थ्यांची राष्ट्रवादी संघटना. पहिली येना येथे १२ जून १८१५ रोजी, नेपोलियनविरुद्ध लढून परतलेल्या तरुणांच्या पुढाकाराने स्थापन झाली. प्रांतवार विद्यार्थिमंडळे मोडून सर्व जर्मनांना एकत्र आणणे हा तिचा हेतू. काळा, तांबडा, सोनेरी हे तिचे रंग ल्युट्सोच्या स्वयंसेवक पथकाच्या गणवेशावरून आले असे मानतात; आजचा जर्मन ध्वजही त्याच रंगांचा आहे. पण १८ ऑक्टोबर १८१७च्या वार्टबुर्ग मेळाव्यात काहींनी नावडत्या ग्रंथांची नावे घातलेले रद्दीचे गठ्ठे जाळले. त्यांत ज्यू लेखक साउल आशर यांच्या पुस्तकाचेही नाव होते. ध्वजाचा गौरव करताना ही होळी वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १८१९मध्ये कार्ल झांड या सदस्याने नाटककार कोत्सेबू यांचा खून केला आणि त्याच वर्षी कार्ल्सबाडच्या ठरावांनी संघटनेवर बंदी आली. — संपा.